शिधा, चूल आणि समुद्र : पथ्य सांभाळून परदेशी गेलेल्यांची गोष्ट

(१)
१७८१ साली इंग्लंडमधील बीकन्सफील्ड येथे एडमंड बर्क या ख्यातनाम संसदपटूच्या वाडीतले काचेचे हरितगृह काही दिवस एका निराळ्याच कामासाठी मोकळे करून देण्यात आले. तेथे पुण्याच्या राजकारणातून आलेला एक ब्राह्मण वकील स्वतःचा स्वयंपाक स्वतः रांधत होता आणि आन्हिक उरकत होता. त्याचे नाव हनुमंतराव. त्याला पाठवले होते रघुनाथराव पेशव्यांनी.

(२)
आज पाठीवर पिशवी टाकून परदेशी निघणाऱ्या शाकाहारी तरुणाला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : ‘तिकडे खाशील काय?’ हा प्रश्न नवा नाही. गेल्या अडीचशे वर्षांत तो अनेकांना विचारला गेला, आणि काहींना त्याचे उत्तर फार महागात पडले. या धाग्यात अशा सहा प्रवासांची हकीकत आहे. त्यांच्या पानात काय होते यापेक्षा त्यांची चूल कोणाच्या घरात पेटली, हे पाहत गेल्यास त्यांचा इतिहास अधिक नीट उलगडतो.

(३)
आधी थोडी पार्श्वभूमी. बौधायन धर्मसूत्रात पतनाला कारण होणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रप्रवासाची गणना केली आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या याद्यांतही तो आला. तरीही भारतीय व्यापारी शतकानुशतके समुद्रावर जात राहिले. निषेध होता आणि प्रवासही होता. दोन्ही एकाच वेळी नांदत असत, आणि त्यांच्यामध्ये प्रायश्चित्ताचा पूल असे.

(४)
जमिनीवरच्या प्रवासात आहाराचे नियम पाळणे तुलनेने सोपे होते. यात्रेकरू शिधा बरोबर घेई, मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडी आणि आपल्या हाताने भात शिजवी. वाटेत खाण्यासाठी दशम्या असत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की ती भाकरी सोवळ्याला चाले आणि टिकेही. धर्मशास्त्राने आणि गृहिणींनी मिळून काढलेली ही तोड होती. जहाजावर मात्र ही व्यवस्था कोलमडे. तेथे चूल एकच आणि तीही परक्याची, पाणी पिपातले, आणि उतरून दुसरीकडे जाण्याची सोय नाही. समुद्राची खरी अडचण खाऱ्या पाण्यात नव्हती, ती परक्या चुलीत होती.

(५)
आता हनुमंतरावांकडे वळू. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर रघुनाथराव पुण्याच्या गादीसाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ चा सुरतेचा तह मुंबईकर इंग्रजांनी केला, पण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो मानला नाही. १७७९ मध्ये वडगावला मुंबईकरांचा पराभव झाला. मुंबई आणि कलकत्ता यांच्या ओढाताणीत आपले काम अडते आहे, हे पाहून रघुनाथरावांनी थेट लंडनलाच वकील पाठवण्याचे ठरवले. हनुमंतरावांबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगाही गेला.

(६)
लंडनमध्ये या मंडळींचे प्रारंभी हाल झाले. भाड्याच्या खोलीत परक्यांच्या घरात राहून सोवळ्याने रांधायचे कसे, हा हनुमंतरावांपुढचा रोजचा प्रश्न होता. बर्कला हे कळले तेव्हा त्याने त्यांना आपल्या घरी नेले आणि हरितगृह त्यांच्या स्वाधीन केले. घराच्या आवारात पण घरापासून सुटे, भरपूर उजेड, आणि यजमानांच्या स्वयंपाकघराशी संबंध नाही, अशी जागा याहून चांगली मिळाली नसती. संसदेच्या समितीसमोर हनुमंतरावांची साक्षही झाली.

(७)
पुढे रघुनाथरावांना लिहिलेल्या पत्रात बर्कने एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली. या गृहस्थाला सुरुवातीला जो त्रास झाला तो आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे, निष्ठुरपणामुळे नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अज्ञान आणि निष्ठुरपणा यांतील हा भेद लक्षात ठेवावा. पुढच्या प्रत्येक प्रवासात तो पुन्हा भेटतो.

(८)
राजकारण फसले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांच्या आशा संपल्या, आणि दुसऱ्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत झाला. वकिलांच्या शुद्धीची गोष्ट मात्र मागे उरली. फ्रान्सिस विल्फर्ड या लेखकाने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लिहिले की विलायतेहून परतलेल्या राघोबांच्या ब्राह्मण वकिलांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे प्रतीकात्मक पुनर्जन्म देऊन, जातीत घेण्यात आले. ही हकीकत परक्याने लिहिलेली आणि वकील दोन ब्राह्मण होते असे सांगणारी आहे, त्यामुळे ती तपशिलात जशीच्या तशी घेऊ नये. तरी त्यातून एवढे दिसते की परक्या मुलखात स्वतःच्या हाताने शिजवूनही घरी आल्यावर शंका फिटत नसे. नियम पाळला, हे पटवून देणे हे नियम पाळण्याइतकेच अवघड होते.

(९)
हनुमंतरावांचा मार्ग म्हणजे आपली चूल बरोबर नेण्याचा मार्ग. या मार्गाचे टोक पाहायचे तर १२० वर्षे पुढे जावे लागेल. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह दुसरे यांना निमंत्रण आले. त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाचे अख्खे जहाजच भाड्याने घेतले. बरोबर परिवार, पुरोहित, आचारी आणि धान्य होते. पिण्यासाठी गंगाजल होते, आणि ते चांदीच्या प्रचंड घागरींत भरलेले होते.

(१०)
यांतील दोन घागरी आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात. प्रत्येकीचे वजन सुमारे ३४५ किलो आहे आणि तिच्यात सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. हजारो चांदीचे रुपये वितळवून त्या घडवल्या आहेत. येथे पथ्य पाळण्यासाठी कोणालाही विनंती करावी लागली नाही, कारण घरच समुद्रावर तरंगत गेले. पण असे घर नेण्याची ऐपत किती जणांची? बहुतेकांच्या नशिबी जहाजावरची एक अरुंद खोली आणि डब्यातला फराळ एवढेच असे.

(११)
असाच प्रवास त्याआधी १९ वर्षे एका मराठी मुलीने केला होता. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे (हे बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे) आनंदीबाई जोशी यांनी जाहीर भाषण केले. वय १७ वर्षे. अमेरिकेत वैद्यक शिकायला का जाते, एकटी कशी जाणार, जात गमवावी लागली तर काय, या प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. तेथे आपण इथल्याप्रमाणेच राहू, आहार, पोशाख आणि चालीरीती बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले.

(१२)
हे वचन कोणी मागून घेतले नव्हते, पण त्याला साक्षी मोठे होते. एकट्या विवाहित ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडणे हेच समाजाच्या दृष्टीने पुरेसे धाडस होते. आहार आणि वेश न बदलण्याचे आश्वासन ही त्या धाडसाची किंमत होती. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तो काळ सुखाचा गेला.

(१३)
कसोटी लागली ती फिलाडेल्फियात. तेथील विमेन्स मेडिकल कॉलेजात अभ्यासक्रम कडक आणि हिवाळा त्याहून कडक. अंगात भारतीय लुगडे, खोलीतली शेगडी धूर करणारी, हाताशी नेहमीची भाजी नाही, डाळ नाही, आणि दिवसभराच्या अभ्यासानंतर स्वतःच काहीतरी शिजवायचे. मावशींच्या घरी ज्या पथ्याची सोय लागली होती, तेच येथे एकटीच्या अंगावर पडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता ‘हिंदू आर्य लोकांतील प्रसूतिशास्त्र’. पदवीदानाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

(१४)
त्याच वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई क्षयाने खंगून परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय २२ देखील पुरे झाले नव्हते. ‘आहाराने त्यांचा बळी घेतला’ असे विधान करण्याचा मोह होतो. ते पुराव्याच्या पलीकडे जाणारे आहे. त्यांची प्रकृती हिंदुस्थान सोडण्यापूर्वीपासूनच नाजूक होती, आणि क्षयावर तेव्हा जगात कोठेच औषध नव्हते. इतकेच म्हणता येते की आजारी शरीराला ऊब आणि सकस अन्न मिळणे ज्या वर्षांत सर्वांत गरजेचे होते, त्याच वर्षांत दोन्हींची टंचाई होती. दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. त्यांची रक्षा मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. परक्या चुलीचा हा ऋणानुबंध मरणानंतरही टिकला.

(१५)
येथे पुण्यातील एक प्रसंग मध्ये आणणे आवश्यक आहे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या आवारात पुण्यातील प्रतिष्ठितांना बोलावले. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे करण्यात आली. नंतर गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत न्या. रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवरून वर्षानुवर्षे वाद चालला. जो समाज भर पुण्यात एका पेल्यातल्या चहाचा हिशेब मागत होता, त्याला फिलाडेल्फियात तीन वर्षे राहिलेल्या मुलीने काय खाल्ले असेल याची शंका येणे साहजिक होते. पत्नीने परदेशात राहून पाळलेल्या नियमाची पतीने घरच्या मैदानात अशी परीक्षा घेतली.

(१६)
याच दशकात एक १८ वर्षांचा गुजराती मुलगा विलायतेस निघाला होता. मोहनदास करमचंद गांधी यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर आईला तीन गोष्टींचे वचन दिले : मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही. मुंबईत मोढ वाण्यांच्या जातपंचायतीने तरीही त्यांना वाळीत टाकले. जो त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठेवला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून जहाजावर चढले.

(१७)
बोटीवर त्यांनी बरोबर आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीतच बसून खाल्ली. काट्याचमच्याची सवय नव्हती, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नव्हते. बिस्केच्या उपसागरात पोहोचलात की मांस खावेच लागेल, असे एका सहप्रवाशाने बजावले होते. तसे काही घडले नाही. तेव्हा त्यांनी प्रवासात मांस खाल्ले नसल्याचे प्रमाणपत्रच मागून घेतले. पुढे मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते हे कळल्यावर त्या कागदाची गोडी संपली, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. हनुमंतरावांपासून चालत आलेला प्रश्न येथे एका तरुणाने स्वतःपुरता सोडवला. साक्षीदाराची गरजच त्याने काढून टाकली.

(१८)
लंडनमध्ये प्रारंभी उपासमारच झाली. घरमालकीणबाईंचे उकडलेले बेचव पदार्थ घशाखाली उतरत नसत, पावाचा आणखी एक तुकडा मागण्याची लाज वाटे. सकाळची ओटची लापशी तेवढी पोटभर होई. एका मित्राने त्यांना सुधारण्याच्या हेतूने बेंथम वाचून दाखवला, तरी वचन ढळले नाही. हॉबर्नच्या भपकेबाज उपाहारगृहात सारात मांस आहे काय, असे त्यांनी वाढप्याला विचारताच मित्र संतापला आणि बाहेर जाऊन थांबण्यास सांगितले. गांधी उठले. शेजारची शाकाहारी खाणावळ बंद होती. ती रात्र उपाशी गेली.

(१९)
रोज दहा-बारा मैलांची पायपीट करता करता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. दाराशी काचेच्या कपाटात पुस्तके मांडलेली होती. त्यांतून हेन्री सॉल्टचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी विकत घेतले, मग आत जाऊन विलायतेतले पहिले पोटभर जेवण केले. तोवर शाकाहार म्हणजे आईला दिलेला शब्द होता. त्या पुस्तकानंतर तो त्यांचा स्वतःचा विचार झाला.

(२०)
त्याचा परिणाम मोठा होता. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते गेले. बेझवॉटर भागात त्यांनी एक शाकाहारी क्लब काढला, त्याचे उपाध्यक्ष म्हणून एडविन अर्नल्ड यांना पाचारण केले. ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रात १८९१ मध्ये त्यांचे पहिले लेख छापले गेले, तेही हिंदुस्थानातील शाकाहाराविषयी. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, वर्गणी कशी गोळा करावी, भिन्न मताच्या माणसाबरोबर काम कसे करावे, याचे पहिले धडे पुढच्या सत्याग्रहीने पोटाच्या प्रश्नातून गिरवले.

(२१)
नियमाचा अर्थ लावण्याचाही प्रश्न होता. अंडे मांस आहे काय? इंग्रज शाकाहाऱ्यांत यावर तीन पक्ष होते, आणि एका पक्षाप्रमाणे अंडे चालत असे. गांधींनी काही दिवस ते खाल्लेही. मग त्यांनी निकष ठरवला : वचन ज्याने घेतले त्याच्या मनातला अर्थ खरा. आईच्या दृष्टीने अंडे मांसातच मोडत होते, म्हणून अंडे गेले. त्याबरोबर अनेक गोड पदार्थही गेले, कारण शाकाहारी खाणावळीतही प्रत्येक पुडिंगबद्दल विचारणा करावी लागे.

(२२)
१८९१ मध्ये परतल्यावर भाऊ त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला घेऊन गेले. गोदावरीत स्नान घालून शुद्धी झाली, पुढे राजकोटला जातीला जेवण दिले गेले. तीन वर्षे शब्द पाळलेल्या माणसाला हे मनापासून आवडले नाही, तरी भावाच्या इच्छेखातर त्याने ते केले. जातीचा एक गट तरीही हटून बसला. हनुमंतरावांच्या काळापासून शंभर वर्षे उलटली होती, आणि पूल तोच होता.

(२३)
जे गांधींना साधले ते श्रीनिवास रामानुजन यांना साधले नाही. त्याचे एक कारण स्वभाव आणि दुसरे कारण युद्ध. १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून निघून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचले, आणि ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. प्रा. हार्डी यांनी लिहून ठेवले आहे की रामानुजन कडक शाकाहारी होते, सारा स्वयंपाक स्वतः करीत आणि कपडे बदलल्याशिवाय चुलीला हात लावीत नसत. हे सोवळेच होते, फक्त त्याचे वस्त्र आता इंग्रजी पायजमा होते.

(२४)
ट्रिनिटीत भोजनगृह हे केवळ जेवण्याचे ठिकाण नव्हते. तेथे ओळखी होत, गप्पा होत, कोण आजारी आहे आणि कोण उदास आहे हे कळे. रामानुजन त्या पंगतीत कधीच नव्हते. गणितात बुडाले की त्यांचे रांधण्याचे भान सुटे, मग अवेळी काहीतरी शिजे. मद्रासहून चिंच-तांदळाची पार्सले येत, पण युद्धामुळे सगळेच दुर्मिळ होत चालले होते. एकदा घरी बोलावलेल्या पाहुण्यांनी पुन्हा रसम् घेण्यास नकार दिला, तेव्हा अपमान झाल्यासारखे वाटून ते कोणालाही न सांगता निघून गेले आणि काही दिवसांनी त्यांचा पत्ता ऑक्सफर्डहून लागला. एरवी हसण्यावारी नेली जाणारी ही गोष्ट नीट वाचली तर दुःखाची आहे. पंगतीला बोलावण्याची संधी ज्याला क्वचित मिळते, त्यालाच पानातला नकार इतका लागतो.

(२५)
१९१७ पासून त्यांचे आजारपण सुरू झाले. आरोग्यधामांतही जेवणावरून खटके उडत. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, १९१९ मध्ये ते परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. येथेही सावध राहावे लागते. त्यांना क्षय होता असे तेव्हा मानले गेले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या वैद्याने नोंदी तपासून यकृतातील अमीबाचा विकार हे अधिक संभाव्य निदान मांडले. तो असेल तर त्याचे मूळ मद्रासमधल्याच जुन्या आजारात आहे. तेव्हा पथ्याला मारेकरी ठरवण्याआधी थांबावे. पथ्याने त्यांना एकटे पाडले, हे मात्र नाकारता येत नाही.

(२६)
शेवटचा प्रवास सर्वांत वेगळा आहे. १९६२ मध्ये सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. जायचे होते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला, म्हणजे त्या वेळच्या चारही अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांत. ८९ वर्षांचे बर्ट्रांड रसेल अण्वस्त्रांना विरोध केल्याबद्दल तुरुंगात गेले, ही बातमी त्यांनी वाचली होती. निघण्यापूर्वी ते आशीर्वादासाठी विनोबांकडे गेले. कोकणातल्या गागोद्याचे हे आचार्य स्वतः वर्षानुवर्षे भूदानासाठी पायी फिरत होते.

(२७)
विनोबांनी त्यांना दोन शस्त्रे दिली : बरोबर एक पैसाही ठेवायचा नाही, आणि कोठेही गेलात तरी शाकाहार सोडायचा नाही. वरवर पाहता हा सल्ला उलटाच आहे. ज्याचे पथ्य कडक त्याच्या गाठीला पैसा हवा. पण विनोबांचा तर्क निराळा होता. पैसा असला की माणूस खानावळीत जेवतो आणि धर्मशाळेत झोपतो, पैसा नसला की त्याला कोणाच्या तरी दारात उभे राहावेच लागते. शाकाहार असला की घरचे लोक ‘का?’ म्हणून विचारतात, आणि अहिंसेची गोष्ट तेथूनच सुरू होते.

(२८)
पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने त्यांना खाण्याच्या पुड्या देऊ केल्या. शेजारच्या देशात अन्न मिळेल की नाही याची काळजी होती. सतीशकुमार यांनी त्या नाकारल्या. या अन्नाच्या नव्हेत, अविश्वासाच्या पुड्या आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. सीमा ओलांडताच एक अनोळखी पाकिस्तानी तरुण त्यांची वाट पाहत उभा होता. त्याने वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी वाचले होते, आणि लाहोरला आपल्या घरी यावे असा त्याचा आग्रह होता.

(२९)
पुढे अफगाणिस्तान, इराण, सोव्हिएत प्रदेश, पोलंड, जर्मनी, फ्रान्स असा पायी प्रवास झाला. काळ्या समुद्राजवळच्या एका चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चार राष्ट्रप्रमुखांना एकेक द्या, आणि बटण दाबण्याचा विचार मनात येईल तेव्हा क्षणभर थांबून हा चहा प्या असे सांगा, असा त्यांचा निरोप होता. पॅरिसमध्ये दोघांना अटक झाली. लंडनहून पुढे न्यूयॉर्कपर्यंत ते बोटीने गेले आणि पुन्हा चालू लागले. सुमारे ८,००० मैलांच्या या पदयात्रेची अखेर आर्लिंग्टनला केनेडींच्या समाधीपाशी झाली.

(३०)
हनुमंतरावांनी आपली चूल बरोबर नेली, माधोसिंहांनी अख्खे घरच नेले. आनंदीबाई आणि रामानुजन यांना चूल एकट्याने पेटवावी लागली. गांधींनी आपल्यासारखेच पथ्य असलेल्या परक्यांना शोधून काढले आणि त्यांची चूल आपली केली. सतीशकुमार आणि मेनन यांनी यजमानाच्या चुलीवर भरवसा टाकला. नियम सगळ्यांनीच पाळला. नियमाची किंमत मात्र सारखी पडली नाही, आणि ती पथ्याच्या कडकपणावर ठरली नाही. ज्याला पंगत मिळाली त्याला तोच नियम बळ देऊन गेला. ज्याला मिळाली नाही, त्याला त्याने कोपऱ्यात ढकलले.

(३१)
बर्कने दाखवलेला भेद येथे उपयोगी पडतो. या सहाही प्रवासांत यजमान देशातील माणसे बहुधा निष्ठुर नव्हती, त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना सांगितले गेले त्यांनी हरितगृह मोकळे केले, घर दिले, चहाच्या पुड्या दिल्या. निष्ठुरपणाचा अनुभव अनेकदा मायदेशीच आला : सव्वा रुपयाच्या दंडात, ग्रामण्यात, परतल्यावरच्या शुद्धीत. पुण्यात ज्या चहाने माणसे जातीबाहेर काढण्याचे कारण पुरवले, तोच चहा ७२ वर्षांनी एका कामगार स्त्रीच्या हातून शांततेचा निरोप होऊन निघाला. आज पथ्य सांभाळून परदेशी निघणाऱ्याने पिशवीत दशम्या जरूर ठेवाव्यात. त्याबरोबर यजमानाला आपला नियम आणि त्याचे कारण न लाजता सांगण्याची तयारीही ठेवावी.